डब्यांची शर्यत

२९ डिसेंबर १९५७, रविवार. वडीगोद्री

आधी इंग्रजीत लिहायला बसल्तो. सिकंदराबादच्या शाळेत तशीच सवय लागली. पण आत्या आज जे बोलली ते इंग्रजीत उतरवलं तर ती आत्या राहीना, कोणीतरी मडम झाली. मंग ते पान फाडलं. आता जसं बोलतो तसंच लिहितो.

जेवता जेवता आत्या म्हणली, "जानेवारी सरला की जीप देऊन टाकते. जालन्याचा रामकिसन मागून राह्यला."

माझा घास हातातच राह्यला. आत्या म्हणजे द्वारकाबाई, माझ्या बापाची मोठी बहीण. आतोबा जाऊन आठ वर्षं झाली. तवापासून शेती, अंबडचं कोर्ट, जालन्याचा कापूसबाजार, सगळं तीच बघते. लष्कराच्या लिलावातली जीप बी तिनंच आणली. चालवायला रखमाजीमामा. ते लढाईत लष्कराच्या ट्रका हाकून आलेले. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत आता मोतीबिंदू. मागच्या महिन्यात त्यांनी सरकारी बसला हात करून सांगितलं, "ए बाबा, बैल बाजूला घे."

मी म्हणलं, "आत्या, मी चालवतो की. लायसन्स आहे माझ्याकडं."

"तुला इंग्रजी शाळेत घातलं ते काय डायवर व्हायला?"

माझ्या बापानं औरंगाबादच्या एका हापिसात माझी कारकुनी ठरवून ठेवली, एक फेब्रुवारीपासून. मला तिथं जायचं न्हाई. मला मोटार पाह्यजे. हे मी तोंडानं म्हणलो न्हाई. खिशातला कागद काढला. जालन्याला हौशी मोटारवाले सव्वीस जानेवारीला शर्यत घेऊन राह्यले. मैदानात पिंपं अन् डबे मांडायचे, एका वेळी एकच मोटार सोडायची, घड्याळ लावून मोजायचं. डब्याला धक्का लागला की पाच सेकंद जास्त धरायचे. दोन फेऱ्या, त्यातली चांगली ती खरी.

आत्यानं कागद हातात घेतला. इंग्रजी तिला येत न्हाई, तरी लै वेळ बघत बसली. मंग म्हणली, "पहिल्या तिघात आला तर जीप राहील अन् तू बी राह्य. न्हाई आला तर जीप रामकिसनची, अन् तू तुझ्या बापाच्या हापिसात. बोल."

मी बोललो.

३१ डिसेंबर

रामकिसन येऊन गेला. बॉनेट उघडलं, टायरला लाथा मारल्या, खाली वाकून पाह्यलं. मला विचारतो, "काय मास्टर, तुम्ही म्हणे डब्यांतून गाडी काढणार?"

"व्हय."

"आमच्याकडं तर डब्यांत तेल भरतात." अन् स्वतःच हसला. आत्याला म्हणतो, "बाई, गाडी मस्त आहे. मगर बाईमाणसाच्या घरी गाडी म्हणजे खर्चाच खर्चा. चालवणार कोण?"

आत्या म्हणली, "चहा घ्या." आत्या एवढं गोड बोलली की समजायचं, राग आलाय.

३ जानेवारी १९५८

आजपासून शिकवणी. जीप मळ्यातल्या शेडमध्ये असते, गावापासून मैलभर, कारण घराच्या बोळीत ती मावत न्हाई. मामा बी तिथंच राहतात. शेडच्या पलीकडं पडीक माळ आहे, त्याच्या मधोमध लिंबाखाली म्हसोबाचा शेंदूर लावलेला दगड. मामा म्हणले, आख्ख्या शेतात सपाट जागा तेवढीच. म्हणून दगडाभोवतीच फेऱ्या.

जीपचं स्टेअरिंगचं चाक डाव्या अंगाला आहे, अमेरिकन पद्धतीचं. मी डावीकडं, मामा उजवीकडं. मला वाटल्तं, डोळे नसलेला माणूस काय शिकवणार? पण मामा कानानं शिकवतात. इंजिन जरा कण्हलं की म्हणतात, "उतर, दुसऱ्या गियरात उतर." दगड त्यांच्या अंगाला येतो. जवळ आला की त्यांना नुसता लाल ठिपका दिसतो. तो बरोबर गुडघ्याशी आला की ओरडतात, "आता!" की मी चाक फिरवायचं. बिलकुल चुकत न्हाई.

प्रत्येक फेरीला ते कपाळाला हात लावतात. या थंडीत बी त्यांना घाम कसा येतो कोण जाणे.

६ जानेवारी

एक गंमत. पेट्रोलची टाकी सीटखाली असते. सीट उचलायची, लिंबाची काडी आत बुडवायची, ओली किती झाली ते बघायचं. काल संध्याकाळी चार बोटं भरलं. आज आठला गेलो तर तीन. गाडी कोणी हलवली न्हाई.

मामाला विचारलं. म्हणले, "उडतं दादा. पेट्रोल उडून जातं."

उडतं हे बरोबर. शास्त्राच्या तासाला शिकलो. पण एवढ्या थंडीत एक बोट? मी टाकीच्या झाकणाला सुतळी गुंडाळली. बघू.

९ जानेवारी

सुतळी बांधली तशीच आहे, तरी बी तेच. आज पाऊण बोट.

आत्या रोज रात्री जेवताना सगळं विचारते. कोणत्या गियरमध्ये वळलास? क्लच सोडताना गचका बसतो तो कशानं? उतारावर पाय कुठं ठेवायचा? मी काटा-चमचा मांडून सांगतो. एकदा तर भाकरी फिरवून दाखवली. शर्यतीची एवढी काळजी तिला असेल असं मला वाटलं नव्हतं. बहुतेक तिला बी जीप विकायची न्हाई, फक्त तोंडानं म्हणत न्हाई.

अन् आज सीटवर एक उशी सापडली. हिरव्या छिटाची, आत्याच्या खोलीतली. माझ्या पाठीसाठी ठेवली असणार. पण बसून पाह्यलं तर डोकं वर वर जातं. आत्याला वाईट वाटू नये म्हणून काही बोललो न्हाई, मागं टाकून दिली.

१४ जानेवारी

संक्रांत. माळावर बायांची गर्दी, गाडी बंद. तिळगूळ लै खाल्ला.

१८ जानेवारी

आतोबांचं खिशातलं घड्याळ आत्यानं पहिल्याच दिवशी काढून दिल्तं. त्यावर रोज फेरी मोजतो. पहिल्या दिवशी जी फेरी सत्तावन्न सेकंदांची होती ती आज एकतीसची झाली! चाकोरी अशी पडली की जणू पाटाचं पाणी त्यातून वाहावं.

दुसऱ्या अंगानं फिरून बघावं म्हणून चाक तिकडं वळवलं तर मामांनी झट्दिशी माझ्या हातावर हात ठेवला.

"तिकडून न्हाई, दादा."

"कामून?"

"तिकडून न्हाई फिरत."

मी उतरून जमीन पाह्यली. तिकडं थोडा उतार असावा. जीप तिरकी होऊन पलटायची भीती असणार. मामांचा अनुभव आहे, मी काय बोलू?

आत्या चहा घेऊन माळावर आल्ती. बांधावर उभी राहून बघत होती. म्हणली, "अन् डावीकडं कधी वळणार?"

मामा म्हणले, "आक्का, वळल की." अन् विषय तिथंच राह्यला.

२१ जानेवारी

आज सात वाजताच मळ्यात गेलो. एरवी मी आठला जातो, शाळेची उशिरा उठायची सवय सुटत न्हाई. बॉनेटला हात लावला तर गरम! मामा हौदापाशी तोंड धुऊन राह्यले. आत्या गाईपाशी उभी. ती रोज पहाटे धारा काढायला येतेच.

"मामा, बॉनेट गरम कसं?"

"ऊन पडलं त्याच्यावर."

ऊन आत्ता कुठं लिंबाच्या शेंड्याला लागत होतं. मी दोघांकडं पाह्यलं. आत्या म्हणली, "दूध घे, भाल्या, गरम आहे." दूध घेतलं.

मला वाटतं, मामा चोरून गाडी चालवून बघतात. डोळे गेले हे त्यांना मान्य नसणार. मला लै वाईट वाटलं. मी हे कोणालाच सांगणार न्हाई. पेट्रोलचा विषय बी आता काढणार न्हाई.

२५ जानेवारी

उद्या. एकतीस सेकंद चांगले का वाईट, ते मला माहीत न्हाई. जालन्याच्या लोकांचे किती असतील? त्यांच्याकडं नव्या मोटारी. मामाला विचारलं, आपण तिघांत येऊ का? ते म्हणले, "म्हसोबाला विचारलंय." मंग म्हणले, "त्यो काय बोलंना."

२६ जानेवारी, रविवार. प्रजासत्ताक दिन

सगळं लिहून ठेवतो, न्हाई तर झोप येणार न्हाई.

मोती तलावाच्या बाजूचं मैदान. झेंडे, कर्णा, फक्कीच्या पांढऱ्या रेघा, चुन्यानं रंगवलेले डबे. अकरा मोटारी. डॉक्टरांच्या, जिनिंगवाल्यांच्या, दोन जीपा अजून. माणसं बैलगाड्यांवर चढून बघून राह्यली. रामकिसन पुढच्या खुर्चीत. आत्या बायांच्या बाजूला, पदर डोक्यावर, गुडघ्यावर पिशवी.

पंचांनी नकाशा दिला. आधी तीन डब्यांतून नागमोडी जायचं, मंग टोकाला चुना फासलेलं डांबराचं मोठं पिंप, ते आपल्या डाव्या अंगाला ठेवून त्याला आख्खी फेरी मारायची, परत यायचं, अन् फक्कीच्या चौकटीत पुढची चाकं थांबवायची. गाडीत सोबत एक माणूस बसलेला चालतो. मी मामाला सगळं वाचून दाखवलं. पिंप डावीकडं. मामा म्हणले, "बराबर."

माझा नंबर पाचवा. झेंडा पडला. नागमोडी तर अशी झाली की लोक ओरडले. पिंप समोर आलं. अन् माझ्या हातांनी, मी शपथेवर सांगतो, मला न विचारता, गाडी पिंपाच्या दुसऱ्या अंगाला नेली. पिंप मामाच्या बाजूला आलं. मामा म्हणले, "आता!" मी वळवलं. एकदम साफ फेरी. अन् मामांनी त्या डांबराच्या पिंपाला नमस्कार केला. कपाळाला हात लावून.

कर्ण्यावरून आवाज, "पाच नंबर उलट्या अंगानं! फेरी रद्द!" बैलगाड्यांवरचे लोक हसून हसून खाली पडायचे बाकी. कोणीतरी ओरडलं, "अहो, नारळ बी फोडा!"

तेव्हा मला कळलं. तो घाम नव्हता. अन् माळावर तिकडं उतार बी नव्हता. देवाला उलटी फेरी घालायची न्हाई, म्हणून तेवीस दिवस मी फक्त उजवीकडं वळायला शिकलो.

मामा खाली मान घालून बसले. "दादा, मीच घात केला."

मी म्हणलं, "न्हाई मामा, नकाशा मीच वाचला."

तेवढ्यात आत्या बायांतून उठून सरळ मैदानात आली. सगळे बघून राह्यले. मला म्हणली, "रडू नको. म्हसोबा हाय का तो? डांबराचं पिंप हाय. डावीकडं वळताना ते तुझ्या मांडीला खेटतं, म्हणून भ्या वाटतं अन् माणूस लांबून फिरतो. भ्यायचं न्हाई. आधी पाय उचल, नाक वळलं की परत दे. अन् पिंपाकडं बघू नको, जिकडं जायचं तिकडं बघ."

मला तेव्हा एवढंच वाटलं की तिला रोज ऐकून ऐकून बरोबर पाठ झालं.

दुसरी फेरी. मामा आत बसायला तयार होईनात. मी हाताला धरून बसवलं. पिंप माझ्या बाजूला आलं. मामाला ते दिसणार नव्हतं, "आता" म्हणायला कोणी न्हाई. पिंप इतकं जवळ होतं की चुन्याचा वास आला. पाय उचलला. नाक वळलं. पाय दिला. मागचं चाक थोडं घसरलं, धूळ उडाली, पण डबा एक बी पडला न्हाई. चौकटीत थांबलो तेव्हा मला हसू येऊन राह्यलं होतं. हे असं पण असतं? दोन्ही अंगांनी वळता येणं म्हणजे एकदम नवीनच गाडी मिळाल्यासारखं वाटलं.

निकाल लागला. अकरात सहावा.

रामकिसन उठून आला. "मास्टर, दुसरी फेरी चांगली होती हां." खरंच मनापासून म्हणला. मंग आत्याला, "बाई, मंग उद्या माणूस पाठवू का?"

आत्या म्हणली, "पाठवा." बस, एवढंच.

२७ जानेवारी

काल हात दुखत होता म्हणून परतीचं लिहिलं न्हाई. खोटं कशाला लिहू, हात दुखत नव्हता. काय लिहावं ते सुचत नव्हतं.

जालन्याहून चारला निघाल्तो. मी चालवत, आत्या शेजारी, मामा मागं. ही शेवटची वेळ म्हणून मी गाडी हळू चालवत होतो. अंबड सुटलं, रस्ता रिकामा झाला, अन् आत्या म्हणली, "थांबव."

थांबवली. ती उतरली, फिरून माझ्या बाजूला आली. "उतर. तिकडून बस."

मला वाटलं तिला मळमळतंय. उतरलो. आत्यानं पिशवीतून हिरव्या छिटाची उशी काढली, सीटवर ठेवली, नऊवारीचा काचा नीट केला, चढून बसली. डावा पाय क्लचवर. खालचं स्टार्टरचं बटण टाचेनं दाबलं. इंजिन लागलं. पहिला गियर, दुसरा. गचका न्हाई. मी अजून रस्त्यावरच उभा होतो, मामा मागून म्हणले, "दादा, बसा जल्दी. आक्का थांबत न्हाई."

पळत जाऊन बसलो.

पेट्रोल उडत नव्हतं. काय गाढव आहे मी.

समोरून एक बैलगाडी आली तेव्हा आत्यानं पदर थोडा पुढं ओढला, अन् वेग बिलकुल कमी केला न्हाई. मी विचारलं, "कधीपासून?"

"तू आला त्याच्या आधीपासून. पण रोज माळावर गाडी फिरायला लागली की गाव विचारल, कामून? तू शर्यत धरली, बरं झालं. पोरगं शिकून राह्यलं म्हणायला."

"अन् म्हसोबा?"

"मी त्याला सांगितलं. मला उलटं बी वळावं लागल, राग नको धरू. मी रस्त्यावर जाणार, तुझ्याभोवती न्हाई बसणार." मागं मामा खोकले. आत्या म्हणली, "रखमाजी तेवढ्या वेळापुरता खाली उतरायचा. त्याचा आत्मा मानत नव्हता."

मला राग आला का? आला. खोटं लिहिणार न्हाई. मी म्हणलं, "मंग मला तिघांत यायची अट कशाला घातली? आलो असतो तर?"

आत्यानं गियर बदलला. "आला असता तर तू राह्यला असता, अन् मी परत शेजारी बसले असते. बोलले होते न मी." मंग म्हणली, "डावीकडं कसं वळायचं ते तुला सांगितलं तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं ते तुला न्हाई कळायचं."

खरंच, मला अजून पूर्ण कळलं न्हाई. तिनं सांगितलं नसतं तर मी सहावा बी आलो नसतो. मंग सांगितलं कामून? विचारायचं होतं, पण तेवढ्यात मळ्याचा फाटा आला अन् ती डावीकडं अशी सहज वळली की मी नुसता बघत राह्यलो.

शेडसमोर गड्यांनी दिवसभरात कडब्याची नवी गंजी रचून ठेवली होती. आत्यानं ब्रेक दाबला. जीपचं नाक गंजीपासून वीतभर. पुढं जागा न्हाई.

"आता मागं घे," मी म्हणलं.

आत्यानं गियरच्या दांड्यावर हात ठेवला, परत काढून घेतला.

"आत्या?"

"मागं घ्यायचं रखमाजीनं शिकवलं न्हाई."

मामा म्हणले, "मला मागचं दिसत न्हाई, दादा. पुढचं तरी लाल-पांढरं कळतं. मागचं कोणाच्या भरवशावर शिकवू?"

गाडी रात्रभर तिथंच उभी ठेवली.

आज सकाळी रामकिसनचा माणूस आला. आत्यानं त्याला भाकरी खाऊ घातली अन् सांगितलं, गाडी विकायची न्हाई, मालकाला रामराम सांग. तो गेल्यावर मला म्हणली, "तू एक तारखेला हापिसात जा. डायवर मला नको. पण अजून चार दिवस हायत."

मंग आम्ही तिघं गंजीपाशी गेलो. मी मामाच्या जागेवर बसलो, मामा मागच्या सीटवर. मागं जाताना चाक कुठल्या अंगाला फिरवायचं, ते सांगायला तोंड उघडलं अन् लक्षात आलं की मी ह्याचा कधी शब्दांत विचारच केला न्हाई. हात करतात, मी बसतो. हवेत हात फिरवून पाह्यले. मामा मागून विचारतात, "दादा, काय करून राह्यले?" मी म्हणलं, "थांबा, समजून घेऊन राह्यलो."

शेवटी आत्यालाच कंटाळा आला. तिनं मान मागं वळवली, क्लच सोडला.

गंजी वाचली. बैलांचा हौद न्हाई वाचला. धाडकन आवाज आला अन् पाणी मामाच्या पायावर.

"हौद का?" मामांनी विचारलं.

"हौद," मी म्हणलं.

आत्यानं उशी सरळ केली. "दुसऱ्या अंगाला फिरवायचं होतं. कळलं. परत."